खाटकांच्या रविवारी डूलीचं वजन

आमच्या पार्कचा इतिहास कुंपणापासून सुरू होतो. त्याआधी कोनी आयलंडवर वाळू होती, समुद्र होता, आणि ज्याला जिथे सुचेल तिथे त्याने झोपाळा टांगलेला होता. व्हॅन ब्रुंट साहेबांच्या वडिलांनी त्या वाळूत आयुष्यभर बटाटे लावून पाहिले आणि बटाट्यांनी आयुष्यभर नकार दिला. साहेबांनी बापाची चूक सुधारली. त्यांनी काहीच लावलं नाही, नुसतं कुंपण घातलं. उंच, पांढरं, फळ्यांचं. फट म्हणून कुठे ठेवली नाही. आत काय असेल या काळजीने ब्रुकलिनमधल्या लोकांनी तिकिटाला रांग लावली. आत त्या वेळी एक बाक होता आणि बाकावर साहेब बसलेले होते.

"मग लोक चिडले नाहीत?" मी एकदा त्यांना विचारलं.

"काही जण दुसऱ्यांदा आले," साहेब म्हणाले. "बाक चांगला होता."

पुढे बाकाशेजारी समुद्रसिंह आले, घसरत तळ्यात पडणाऱ्या होड्या आल्या, बँड आला, केसेबोमबाईंचं सॉसेजचं दुकान आलं आणि मी आलो. मी ऑगी. फाटकाजवळ खोक्यावर उभं राहून दिवसभर आरोळ्या ठोकायच्या हे माझं काम. आईला वाटतं मी कचेरीत आहे. घसा बसला की तिला वाटतं कचेरीत फार बोलावं लागतं.

आणि त्या उन्हाळ्यात घोडे आले.

आठ घोडे, लाकडाचे, आठ रुळांवर. साखळीने ते उंच मचाणावर ओढून न्यायचे, वर माणूस बसवायचा आणि सोडून द्यायचं. पुढचं सगळं उतार बघतो. समुद्राच्या बाजूने खाली, ओढ्यावरच्या पुलावरून पलीकडे, मग एक उंचवटा, जिथे माणूस पुढे जातो आणि त्याचं पोट जरा विचार करून मागून येतं, आणि तिथून सुसाट बँडसमोरच्या दोरीपर्यंत. मागे एखाद्या बाईला बसवायची मुभा होती. किंबहुना निम्मे लोक त्यासाठीच यायचे. लगाम होता, पण तो शोभेचा. या शर्यतीचं गुपित एकच: जो जड, तो पुढे. हे गुपित पहिल्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या पार्कला कळलं होतं. समुद्रसिंहांनासुद्धा कळलं असावं.

एकट्या फिंटन डूलीला कळलं नव्हतं.

डूली हा खराखुरा जॉकी. खाडीपलीकडच्या खऱ्या रेसकोर्सवर त्याने खऱ्या घोड्यांवर उमर काढली होती. गुडघे गेले तेव्हा साहेबांनी त्याला उचलला आणि माझ्या तोंडी आरोळी दिली, "या, या! खऱ्या जॉकीला हरवून दाखवा!" डूली हिरव्या रेशमी सदऱ्यात, पिवळी टोपी घालून सातव्या रुळावर बसायचा. माणूस दिसायला छत्रीएवढा. पोरवयापासून चहा आणि अर्धा टोस्ट यावर जगलेला. सातव्या घोड्याचं नाव त्याने मॉरीन ठेवलं होतं. ती घोडी आहे हे त्याने कशावरून ठरवलं ते मला माहीत नाही. सुताराने तसा काही पुरावा ठेवला नव्हता. रोज सकाळी तो तिच्या तोंडाला साखरेचा खडा लावायचा आणि रोज दुपारी तिथे मुंग्या लागायच्या. डूली म्हणायचा, "बघ, खाल्ला."

हा मनुष्य जून महिनाभर हरला. आधी धष्टपुष्ट लोकांकडून हरला, मग सर्वसाधारण लोकांकडून, मग शाळामास्तरणींकडून. आणि दर वेळी हरला की त्याला एकच उपाय सुचायचा, जो जॉकीला जन्मभर सुचत आलेला असतो. तो वजन उतरवायचा. अर्ध्या टोस्टचा पाव टोस्ट झाला. चहातलं दूध गेलं. भर उन्हात तो तीन घोंगड्या गुंडाळून न्हाणीघराच्या बॉयलरशेजारी घाम गाळत बसायचा आणि दुसऱ्या दिवशी आणखी लांबून हरायचा.

"अहो डूली," मी एकदा धीर करून म्हटलं, "इथे उलटं असतं. जड माणूस जिंकतो."

"तू किती रेस खेळलायस, पोरा?"

"एकही नाही."

"मग मला घोड्यांबद्दल शिकवू नकोस."

"पण हा घोडा नाहीये!"

डूलीने घाईघाईने मॉरीनचे दोन्ही लाकडी कान झाकले. "तिच्यासमोर असं बोलत जाऊ नकोस," तो हळूच म्हणाला.

कळस झाला तो ऑगस्टात. बँडवाल्यांनी दुपारच्या वेळी गंमत म्हणून बिअरचं एक भरलेलं पिंप सहाव्या घोड्यावर दोरांनी आवळलं आणि डूलीच्या बरोबरीने सोडलं. पिंप जिंकलं. नुसतं जिंकलं नाही, चांगल्या तीन घोड्यांच्या अंतराने जिंकलं. लोकांनी पिंपाला खांद्यावर घेतलं. संध्याकाळपर्यंत रस्त्यापलीकडच्या पार्कने फलक लावला: 'आमच्याकडची पिंपं घोड्यावर बसत नाहीत. त्यांना तुमच्या जॉकीची कीव येते.'

साहेबांनी डूलीला बोलावलं. आम्ही सगळे केसेबोमबाईंच्या दुकानापाशी उभे होतो, त्यामुळे जे झालं ते सगळ्यांसमक्ष झालं.

"डूली, येत्या रविवारी खाटकांची सहल आहे," साहेब म्हणाले. ब्रुकलिनच्या खाटीक संघाची वार्षिक सहल ही आमच्याकडे नाताळासारखी गोष्ट. बायकापोरं, झेंडे, पताका आणि अख्खा भाजलेला बैल घेऊन ते यायचे. "त्यांच्या म्होरक्याशी तुझी शर्यत लावलीय. जिंकलास तर राहा. हरलास तर तुझ्या जागी पिंप ठेवतो."

"पिंप?"

"जिंकतं. पगार मागत नाही. घोडीशी बोलत बसत नाही."

"आणि माझा सदरा?"

"पिंपाला सैल करून घेऊ."

डूलीने टोपी काढली, पिवळ्या कापडावरून अंगठा फिरवला, पुन्हा घातली. मग मॉरीनकडे गेला आणि तिच्या मानेला टेकून बराच वेळ उभा राहिला. एवढ्या वर्षांत खऱ्या घोड्यांनी त्याला पाडलं होतं, तुडवलं होतं, एकाने चावलंही होतं. पण अंगावरचा सदरा कुणी मागितला नव्हता.

आता केसेबोमबाईंविषयी. बाई विधवा, ऐसपैस, हात पिठाच्या पोत्याएवढे आणि आवाज बँडच्या वरचा. सबंध उन्हाळा त्यांनी डूलीला काहीतरी खायला घालायचा प्रयत्न केला होता. सॉसेज, बटाटे, मोहरीची चटणी, चेरीचा केक. डूली नम्रपणे नाही म्हणायचा, गरम पाण्याचा पेला घ्यायचा आणि त्यांच्या चुलीशेजारी बसून जुन्या रेसच्या गोष्टी सांगायचा. बाई तळता तळता ऐकायच्या. त्यांना घोड्यांत काडीची गोडी नव्हती. पण ऐकणाऱ्याला आठवतं, सांगणारा विसरतो.

शनिवारी त्यांनी मला दुकानामागे ओढलं.

"ऑगी, हा मेला उद्यापर्यंत वाफ होईल. सकाळपासून न्हाणीघरात आहे. तुझ्या आरोळीत एक शब्द घालायचाय."

"कुठला?"

"हँडिकॅप. तोच सांगत असतो ना, सगळ्यात चांगल्या घोड्यावर पंच लोक शिशाचं जास्तीचं वजन लादतात म्हणून? 'ती शिक्षा नसते, बाई, तो मान असतो' म्हणून? सांग त्याला, मॉरीनला मान मिळालाय."

"आणि शिसं कुठून आणायचं?"

केसेबोमबाईंनी हात पुसले आणि कमरेवर ठेवले. "मी काय कमी आहे का?" त्या म्हणाल्या.

मी डूलीला जाऊन सांगितलं, सगळ्यात जास्त वजन मॉरीनवर. घोंगड्यांतून त्याचं फक्त नाक बाहेर होतं.

"टॉप वेट?" नाक म्हणालं. "मॉरीनला?"

"पंचांचा निर्णय. उभ्या पार्कमध्ये दुसरी घोडीच त्या तोडीची नाही म्हणे."

नाक थरथरलं. "उशिरा का होईना," डूली घोगऱ्या आवाजात म्हणाला, "कळलं लोकांना." आणि लगेच, "पण नियमाने झालं पाहिजे. निघताना वजन, आल्यावर वजन. जेवढं नेलं तेवढंच परत आणायचं. रतीभर कमी भरलं तर शर्यत रद्द. मी आयुष्यात कमी वजन परत आणलेलं नाही."

रविवारी खाटीक आले. किती आले ते सांगता येणार नाही, पण ते बोटीतून उतरले तेव्हा धक्क्याची लाकडं कुरकुरली. त्यांचा म्होरक्या बाल्थझार क्नोल. तो फाटकातून आडवा होऊन आत आला. मिशा वळलेल्या, गळ्यात संघाचं पदक, आणि अंग असं की त्याच्या मागे बसायला बाईला जागाच उरत नव्हती. त्यांनी बैलाचं वजन ओळखायच्या स्पर्धेसाठी भलामोठा काटा आणलेला होता. तो मचाणाच्या पायथ्याशी मांडला. पलीकडे, दोरीजवळ, साहेबांनी पिंप मांडलं होतं. पिंपाच्या डोक्यावर डूलीची जुनी टोपी होती. घाई झाली होती साहेबांना.

आधी क्नोल काट्यावर चढला. काटा कण्हला. जिथे सुई थांबली तिथे त्याने स्वतः खडूने रेघ ओढली आणि मिशीवर हात फिरवला.

मग डूली चढला. सुईने दखल घेतली नाही. मग केसेबोमबाई हॅट काढून माझ्या हातात देऊन चढल्या, आणि खाटकांच्या तोंडून एक "ओहो" निघाला. कामातल्या माणसांनी चांगला माल बघून काढावा तसा. सुई सरसर चढली, चढली, आणि क्नोलच्या रेघेच्या जरा अलीकडे थांबली.

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी दुकानातून एक टोपली मागवली. ताज्या तळलेल्या सॉसेजची, वर फडकं बांधलेली. टोपली डूलीच्या हातात आली आणि सुई रेघेपलीकडे केसभर सरकली.

क्नोलचा चेहरा बदलला. त्याने बिअरचा मोठा मग मागवून एका दमात रिचवला आणि पुन्हा काट्यावर चढला. सुई केसभर पुढे. बाईंनी टोपलीत आणखी सॉसेज घातली. क्नोलने दुसरा मग घेतला. बाईंनी एक हॅम, डुकराची अख्खी मांडी, ठेवला. क्नोलने खिशात सुरीला धार लावायचा दगड घातला आणि मित्राचं पदकही गळ्यात अडकवलं.

"हे काय चाललंय?" डूली माझ्या कानाशी कुजबुजला. "तो स्वतःहून वजन का घेतोय?"

"त्यालाही मान हवाय," मी म्हणालो.

"हावरट," डूली म्हणाला.

शेवटी साहेबांनी घंटा वाजवून काटा बंद केला. बाईंची सुई सुताएवढी पुढे होती. दोन्ही रेघा खडूने पक्क्या झाल्या. सगळे मचाणावर चढले. डूली पुढे, मांडीवर टोपली. बाई मागे, डूलीच्या कमरेला मिठी. डूलीचे कान लाल झालेले मला खालून दिसत होते.

मी आरोळी ठोकली. बँड सुरू झाला. आणि क्नोलच्या घोड्याच्या चाकांचा आस क्नोलखाली वाकला. मिस्त्री लोक वंगण आणि पहारी घेऊन वर धावले. वेळ लागला. बँडने सगळी गाणी संपवून पहिल्यापासून सुरू केली. त्या सगळ्या वेळात डूली टोपलीवर मान खाली घालून बसला होता. इतका स्थिर, इतका वाकलेला, की खालच्या आयरिश लोकांना वाटलं तो प्रार्थना करतोय. त्यांनी टोप्या काढल्या. मग जर्मनांनीही काढल्या. मीसुद्धा काढली.

घंटा झाली.

घोडे सुटले. पहिल्या उतारावर क्नोलच्या घोड्यातून असा आवाज आला की किनाऱ्यावरचे सीगल एकदम उठले. मॉरीन त्याच्या शेजारून खणखणत निघाली. डूली पाठीचा कणा सपाट करून तिच्या मानेवर पसरला होता, तिच्या लाकडी कानात काहीतरी सांगत होता. बाई मागून ओरडत होत्या, आणि खाटकांच्या बायकापोरांसमोर त्या काय ओरडत होत्या ते मी पुन्हा सांगणार नाही. पूल गेला. बाईंची हॅट उडाली आणि समुद्रसिंहांच्या तळ्यात पडली. एका समुद्रसिंहाने ती घातली. उंचवट्यावर दोन्ही घोडे एकदम चढले, एकदम अडखळले, वर माथ्यावर एक क्षण असा आला की काहीच पुढे जाईना, क्नोलची बिअर, बाईंचा झगा, डूलीचं आयुष्य, सगळं तिथे टेकून उभं राहिलं. मग मॉरीनचं नाक खाली झुकलं. आधी तिचं झुकलं.

मी खोक्यावरून उडी मारली. दोरीपाशी पोचलो तेव्हा ती तुटलेली होती, मॉरीनच्या छातीवर लोंबत होती, आणि क्नोल नाकभर अंतराने मागून येत होता. खाली टोप्यांचा पाऊस पडला. साहेब पिंपाच्या डोक्यावरची टोपी काढायला धावले.

"थांबा!"

क्नोल उतरला नव्हता. चार जण त्याला उतरवत होते. त्याचं बोट टोपलीकडे होतं. "टोपली बघा!"

टोपलीचं फडकं सुटलं होतं. आत हॅमचं हाड होतं, स्वच्छ. बाकी काहीच नव्हतं.

"वजन टाकलं!" क्नोल गरजला. "याचाच नियम ना? जेवढं नेलं तेवढंच परत! शर्यत रद्द!"

साहेबांनी टोपी सावकाश पुन्हा पिंपाच्या डोक्यावर ठेवली.

"अहो डूली," केसेबोमबाई म्हणाल्या, "वाटेत सांडली का?"

डूली घोडीवरून उतरला. त्याचा चेहरा घोंगड्यांतून निघालेल्यासारखा झाला होता. तो बाईंकडे बघेना, माझ्याकडे बघेना. मॉरीनकडे तर नाहीच.

"नाही," तो म्हणाला.

"मग?"

"खाल्ली."

बँडमधल्या एकाने फुंकायला घेतलेला श्वास तसाच ठेवला.

"वर थांबलो होतो तेव्हा," डूली म्हणाला. "नाकाखालीच होती. आधी एकच घेतलं. मग ते एकटं वाटायला लागलं." त्याने सदऱ्याचं वरचं बटण काढलं. "आजवर कुठल्या रेसआधी मी घास खाल्ला नव्हता. हे घ्या. पिंपाला द्या."

बाई त्याच्याकडे बघत होत्या. त्यांना शर्यत, क्नोल, पिंप, कशाचंही भान नव्हतं.

"सगळी?" त्यांनी विचारलं.

"सगळी."

"कशी झाली होती?"

डूलीने विचार केला. प्रामाणिक माणूस. "मिरी बरोबर पडली होती," तो म्हणाला.

केसेबोमबाई लाजल्या. ते दृश्य मी पुन्हा पाहिलेलं नाही. सूर्यास्त मात्र पाहिलेत.

"ते काही असो!" क्नोल म्हणाला. "काट्यावर या!"

डूली मान खाली घालून काट्यावर चढला. दुसरं बटण काढत होता. बाई त्याच्या शेजारी चढल्या आणि त्यांनी हाडासकट टोपली हातात घेतली. सुई निघाली. खाटकांचा सगळा संघ पुढे सरकला, मानेवर मान ठेवून. सुई चढली, डगमगली, जरा मागे आली, आणि खडूच्या रेघेवर येऊन बसली. रेघेवरच. अलीकडे नाही, पलीकडे नाही.

मग मागून एक म्हातारा खाटीक म्हणाला, "बरोबर आहे. टोपलीत काय, पोटात काय. माल काट्यावरच आहे ना!"

बाकीच्यांनी माना हलवल्या. जन्मभर काट्याशी प्रामाणिक राहिलेले लोक. काट्याशी भांडण त्यांना जमत नाही. क्नोलने स्वतः काच पुसून दोनदा पाहिलं. मग त्याने मित्राचं पदक गळ्यातून काढलं आणि डूलीच्या गळ्यात घातलं. पदकाने डूली जरा पुढे वाकला.

"सगळं परत आणलं?" डूलीने मला हळूच विचारलं.

"सगळं."

"टॉप वेट घेऊन?"

"टॉप वेट घेऊन."

त्याने बटणं परत लावली, एकेक, सावकाश. खालचं लागेना, पोट आडवं आलं होतं. मग तो मॉरीनकडे गेला आणि तिच्या कानात म्हणाला, "मी सांगत नव्हतो?"

खाटकांनी दुःख विसरायला जे जवळ होतं ते उघडलं, म्हणजे पिंप. साहेब अडवायला गेले, पण पिंपाची नोकरी तिथेच संपली.

जड माणूस जिंकतो हे डूलीला अजून कळलेलं नाही. त्याचं म्हणणं, मॉरीनला एकदा मान मिळाला तो काढून घेणं बरं नाही, म्हणून तो रोज नियमाने तो मान बाळगतो: सकाळी सॉसेज, दुपारी बटाटे, संध्याकाळी चेरीचा केक. रविवारी बाई स्वतः मागे बसतात. शाळामास्तरणी आता हरतात आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणी घेऊन पुन्हा येतात. न्हाणीघरातल्या घोंगड्यांवर साहेबांनी समुद्रसिंहाला झोपायला दिलं, त्याच समुद्रसिंहाला, हॅटवाल्या.

आणि सोमवारी सकाळी फाटक उघडायच्या आधी डूलीने ते रिकामं पिंप सहाव्या घोड्यावर चढवलं, काट्यावर त्याचं रीतसर वजन करून, आणि फेरशर्यत मागितली. बघायला मी, बाई आणि साहेब एवढेच होतो. साहेब आपल्या जुन्या बाकावर बसले होते. डूली चांगल्या चार घोड्यांच्या अंतराने जिंकला. उतरून त्याने पिंपाशी हात मिळवता येतो का ते बघितलं, नाही म्हटल्यावर त्याच्या पाठीवर थोपटलं, आणि ते पोकळ वाजलं तेव्हा म्हणाला, "बिचारं. उपाशीपोटी खेळलं."